विकावयाचे घर आणि व्यापाऱ्याची पत

धान्य, कापड, किराणा यांची विक्री आपण रोज करतो. राहते घर मात्र मनुष्य बहुधा आयुष्यात एकदाच विकतो. रोजच्या विक्रीचे नीतिनियम आम्हा व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. वानगी कशी दाखवावी, भाव कसा सांगावा, मापात कसूर कशी होऊ देऊ नये, हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु जी विक्री एकदाच करावयाची, तिचा पूर्वविचार कोणी केलेला नसतो. त्यामुळे दुकानात ज्याने उभ्या जन्मात खोटे माप धरले नाही असा गृहस्थही, घर विकण्याची वेळ आली म्हणजे, कोणा मध्यस्थाच्या सल्ल्याने ओल्या भिंतीवर रंग चढवितो आणि त्यास ‘घराची तयारी’ असे नाव देतो. या तयारीत योग्य काय व अयोग्य काय, याचा विचार व्यापारी समाजानेच करावयास हवा, आणि त्यासाठी संघाच्या या वार्षिक स्मरणिकेहून उचित स्थान दुसरे नाही, असे आम्हांस वाटते.

आमच्या रामनगरात हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिलेला नाही. बेळगाव व गोवा यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. मुले शिकली आणि बेळगाव, मडगाव, पुणे, बंगळूर येथे स्थिरावली. वडील माणसे एकेक करून त्यांच्याकडे गेली. मागे राहिलेल्या घरांच्या दारांना कुलपे लागली. दुसऱ्या बाजूने, दांडेली-अणशीचे रान २००७ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले, २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव मिळाले, आणि या तालुक्याकडे प्रवाशांची ये-जा वाढली. प्रवाशांपाठोपाठ, येथे एखादे घर घेऊन ठेवावे, अशा विचाराचे बाहेरगावचे गिऱ्हाईकही येऊ लागले. विकणारा गावाबाहेर, घेणारा गावाबाहेर, मध्ये केवळ दलाल व मोबाइलवरील चार छायाचित्रे, अशी ही आजची स्थिती आहे.

तथापि रामनगरच्या घराचे मोल केवळ जागेवरून ठरत नाही. हे गाव आज दिसते तसे कसे वाढले, तेही स्मरले पाहिजे. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे तालुक्याचे गाव होते. १९७४ साली तेथे धरणाचे काम सुरू झाले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि १०१ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे सुपा व भोवतालची खेडी पाण्याखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले. विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरात नव्याने चुली मांडल्या. सुप्याच्या घरांना गिऱ्हाईक पाहावयास आले नव्हते. मोजणीदार आला होता. त्या काळी भूसंपादनाचा १८९४ चा कायदा लागू होता. किंमत सरकारी अधिकारी ठरवी, आणि घर द्यावयाचे की नाही हा प्रश्नच घरधन्यास कोणी विचारीत नसे. त्या लोकांनी, त्यांच्या मुलांनी, पै-पै जोडून दुसऱ्यांदा बांधलेली घरे आज बाजारात येत आहेत. आपल्या घराची किंमत आपण सांगावी, समोरच्याने ती मान्य करावी वा न करावी, ही मोकळीक या कुटुंबांस प्रथमच मिळत आहे. म्हणून घर नीटनेटके करून त्याचे पुरते मोल मिळविणे हा त्यांचा न्याय्य हक्क आहे, असे आम्ही मानतो. परंतु समोरचा मनुष्यही बहुधा जन्माची पुंजी घेऊन आलेला असतो, हेही तितकेच खरे.

या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘जसे आहे तसे घ्या, जावयाच्या घरावर खर्च कशाला?’ हा बाणा प्रामाणिकपणाचा दिसतो, पण बहुधा तो आळस असतो. दोन-तीन पावसाळे कुलूपबंद राहिलेल्या घराचे दार उघडताच कुबट वास येतो, कोळिष्टके तोंडावर येतात, माळ्यावर वटवाघळांची घाण दिसते. पाहणारा घराचे मोल करीत नाही, त्या वासाचे करतो. यात एकट्या मालकाचे नुकसान असते तर गोष्ट निराळी. पण वडिलार्जित घरात भावंडांचा व वृद्ध आईचा वाटा असतो. एकाच्या आळसाने सर्वांचे वाटे घटतात. दुसरा पक्ष म्हणतो, ‘रंग काढा, दिवे लावा, तडा असेल तेथे कपाट उभे करा, आणि पैसे हाती पडेपर्यंत तोंड मिटून बसा.’ आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि का चुकतात ते धान्याच्या उदाहरणाने चांगले समजते.

शेतकरी खळ्यावर धान्य उफणतो. व्यापारी त्यास चाळणी लावतो, खडे, माती, काडी काढून टाकतो. यास कोणी फसवणूक म्हणत नाही. मालाचे खरे रूप दिसावे म्हणून केलेली ती मेहनत आहे, आणि तिचा मोबदला भावात मिळतो. पण पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा आणि तळाशी भिजका माल भरला, तर त्यास काय म्हणावे? दोन्ही कृत्यांनी माल चांगला दिसतो. भेद इतकाच की, पहिल्याने तो खरोखर चांगला होतो, दुसऱ्याने फक्त दिसतो. म्हणूनच तर जाणता खरेदीदार पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून थांबत नाही. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून मधला दाणा बाहेर काढतो. घराच्या तयारीसही हीच कसोटी लावावी. जे केल्याने घर राहावयास अधिक चांगले होते ते अवश्य करावे. जे केल्याने ते केवळ पाहावयास बरे दिसते, पण काही झाकले जात नाही, तेही खुशाल करावे. जे केल्याने पाहणाऱ्याची नजर दोषावरून हटते ते मात्र करू नये.

या कसोटीने काय काय करण्यासारखे आहे ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट स्वच्छतेची. घर दाखविण्यापूर्वी निदान पंधरवडाभर दारे-खिडक्या रोज उघडाव्या, म्हणजे कुबटपणा जातो. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी पडवीत पोत्यांची थप्पी, माळ्यावर बारदान, कोपऱ्यात जुनी तागडी असा पसारा असतो. त्याबरोबर सोंडे आणि उंदीरही असतात. तो सर्व आधी हलवावा. घेणारा मोकळी जागा विकत घेत असतो. आमची जुनी पेटी त्यास नको असते. बंद घरात जीवजंतूंनी आसरा घेतलेला असतो, म्हणून केरसुणी मऊ वापरावी व काम सावकाश करावे, हे आपल्या समाजास सांगावयास नको. अंगण, परसू, विहिरीचा काठ यांवरचे गवत काढावे. दाराशी तुळस वा चार फुलझाडे असल्यास त्यांस पाणी घालावे. यास खर्च थोडा लागतो, आणि यात कोणाची फसवणूक नाही.

दुसरी गोष्ट छपराची. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ही चपटी लाल कौले साऱ्या किनारपट्टीवर व घाटमाथ्यावर पसरली. आमच्याकडील जुनी घरे बहुतेक त्याच कौलांची. दर वर्षी मृगापूर्वी शाकारणी केली, फुटके कौल बदलले, शेवाळ काढले, तर असे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोन वर्षे कोणी वर चढले नाही, तर एका फुटक्या कौलातून झिरपणारे पाणी रीप कुजविते, रिपेवरून वाशात उतरते आणि वाशावरून आढ्यास पोचते. म्हणून विकण्यापूर्वी खर्च करावयाचा तर तो आधी छपरावर करावा, भिंतीच्या रंगावर नव्हे. कुजलेला वासा बदलणे ही दुरुस्ती होय; त्याखाली नक्षीचे छत ठोकून तो दिसेनासा करणे ही लबाडी होय.

तिसरी गोष्ट भिंतीची, आणि खरी गोम येथेच आहे. या मुलखातील भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो. वळचणीच्या पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचले म्हणजे ओल भिंतीतून वर चढते, तिच्याबरोबर क्षारही येतात, आणि गिलाव्यास लोणा लागून पोपडे सुटतात. यावर उपाय रंगाचा नाही, पाण्याचा आहे. जोत्याभोवती चर खणून पाणी दूर न्यावे, जोत्यावर चढलेली माती खाली उतरवावी, भिंतीस एक उन्हाळा वाळू द्यावे, आणि मग चुन्याचा हात द्यावा. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो; तैलरंगाचा थर ती आत कोंडतो. फाल्गुनात तैलरंग चढवून चैत्रात दाखविलेली भिंत आरशासारखी दिसते. पुढील श्रावणात तिचे पोपडे नव्या मालकाच्या अंथरुणावर पडू लागतात आणि त्या प्रत्येक पोपड्याबरोबर जुन्या मालकाचे नाव निघते.

लाकडाची गोष्टही अशीच. वाळवीने भिंतीवरून चौकटीपर्यंत मातीची वाट काढलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसून टाकणे सोपे असते. पण वाट पुसल्याने चौकट भरून येत नाही. वाळवीवर विष फवारणे आपल्यापैकी अनेकांस रुचत नाही, आणि ती भावना आम्ही आदरणीय मानतो. परंतु वाळवी ओलीवर जगते. ओल हटविली तर तिचा रिघावच होत नाही, हा अहिंसक मार्ग आधीपासून चोखाळावयाचा असतो. जेथे तो चोखाळला गेला नाही, तेथे पोखरलेली चौकट बोटाने वाजवून दाखवावी आणि तिची किंमत कमी करून घ्यावी.

घर कोणत्या ऋतूत दाखवावे, याविषयी आमचे मत लोकरीतीच्या उलट आहे. हिवाळ्यात, ऊन कोवळे असताना, परसू हिरवे असताना घर दाखविण्याची सर्वांची धडपड असते. आम्ही म्हणतो, पावसाळ्यात छप्पर दाखवावे आणि वैशाखात विहीर. चातुर्मासात मुनिजन एका स्थानी स्थिर राहतात. घाटमाथ्यावरील घराचीही परीक्षा याच चार महिन्यांत होते. जे घर श्रावणाच्या झडीत कोरडे दिसले, त्याच्याविषयी मालकास एक शब्दही बोलावा लागत नाही. दोन्ही ऋतूंत दाखविणे साधत नसेल, तर जो ऋतू घेणाऱ्याने पाहिला नाही त्याची हकीकत त्यास सांगावी. विहिरीस वैशाखात किती हात पाणी राहते, कोणत्या खोलीत कोणत्या वाऱ्याने पावसाची झड येते, हे घरात राहिलेल्याखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? छायाचित्रांचेही तेच. चांगल्या उजेडात ती जरूर घ्यावी, पण ज्यात दहा फुटांची खोली वीस फुटांची भासते असे छायाचित्र पाठविणे म्हणजे बोटाने तागडी दाबण्यासारखेच आहे.

आपल्यापैकी काहींच्या घरी गृहचैत्यालय वा घरदेरासर असते. घर दाखविण्यास आरंभ करण्यापूर्वीच तेथील प्रतिमा विधिपूर्वक जवळच्या जिनमंदिरात न्याव्या. परके लोक पादत्राणांसह घर पाहत हिंडत असता त्या तेथे असू नयेत. आणि ‘या घरात देव नांदले’ असे सांगून भाव वाढविण्याचा मोह तर कोणासच होऊ नये.

देखावा उभारून घर विकण्याची कला आजची नव्हे. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात, विकावयाची घरे सामानसुमानाने सजवून दाखविणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही तो दिसू लागला आहे. परंतु या कलेची एक फार जुनी हकीकत रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. सिराक्यूज नगरात पिथियस नावाचा एक पेढीवाला होता. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ तेथे बाग विकत घेऊ इच्छितो, असे त्याच्या कानी आले. त्याने ‘माझी बाग विकाऊ नाही, पण भोजनास या’ असे आमंत्रण दिले, आणि कोळ्यांस बोलावून सांगून ठेवले की, उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा. दुसऱ्या दिवशी पाहुणा येतो तो काय, समोर होड्यांची गर्दी, आणि जो तो धरलेले मासे आणून पिथियसच्या पायाशी टाकतो आहे! ‘साऱ्या गावाची मासळी येथेच मिळते,’ असे पेढीवाल्याने सांगताच कॅनियसने गळ घालून, मागेल त्या किमतीस बाग घेतली. तिसऱ्या दिवशी तो मित्रांसह आला, तो एकही होडी दिसेना. शेजारी म्हणाला, ‘येथे कोणी मासे धरीत नाही, कालचा प्रकार पाहून आम्हीच चकित झालो होतो.’

मासळीचा हा व्यवहार आपल्याला वर्ज्य खरा. पण आजही घर पाहावयास गिऱ्हाईक येणार म्हणून टाकी टँकरच्या पाण्याने भरून नळ सोडून दाखविणारा मनुष्य पिथियसचाच वारस नव्हे काय?

त्याच ग्रंथात याहून मार्मिक अशी दोन उदाहरणे शेजारी-शेजारी दिली आहेत, आणि योगायोग असा की, त्यांतील एक धान्याच्या व्यापाऱ्याचे व दुसरे घर विकणाऱ्याचे आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांस सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? दुसऱ्याचे घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजून छप्पर खचू लागले आहे. पण हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. ते त्याने सांगावे की नाही? डायोजेनिस नावाच्या तत्त्ववेत्त्याचा पक्ष असा की, कायदा सांगावयास लावील तेवढे दोष सांगावे. त्यापलीकडे खोटे बोलू नये म्हणजे झाले, कारण गप्प राहणे निराळे आणि लपविणे निराळे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की, जे तुला ठाऊक आहे व समोरच्यास ठाऊक असणे त्याच्या हिताचे आहे, ते सांगितलेच पाहिजे. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. धान्याचा व्यापारी म्हणून आम्हांस पहिल्या उदाहरणात थोडी घासाघीस करावीशी वाटते, कारण बाजाराची बातमी मिळविणे हेही व्यापाऱ्याचे कसब आहे. पण घराच्या उदाहरणात आम्हांस तिळमात्र शंका वाटत नाही. जहाजांची बातमी चार दिवसांत साऱ्या गावास कळणारच असते. आढ्यातील कीड मात्र छप्पर कोसळेपर्यंत कळत नाही.

आपल्या आचार्यांनी या प्रश्नाचा निकाल अधिक नेमक्या शब्दांत दिला आहे. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे एका मालाच्या नावाने तसाच दिसणारा दुसरा हलका माल खपविणे, असा एक अतिचार आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तो सत्यव्रताचा अतिचार म्हणून सांगितलेला नाही. अचौर्यव्रताचा म्हणून सांगितला आहे. म्हणजे ओली भिंत कोरडी म्हणून विकणारा केवळ असत्य वागत नाही. कोरड्या भिंतीचे म्हणून जे अधिक पैसे घेतो, त्या पैशांची तो चोरी करतो. ‘आम्ही तोंडाने काही खोटे बोललो नाही’ ही पळवाट येथे बंद होते. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे, हा सांगितला आहे. दस्तात एक रक्कम लिहावयाची आणि हातात दुसरी घ्यावयाची, ही स्थावराच्या व्यवहारातील जुनी खोड त्याखाली येते, हे उघड बोललेले बरे. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकराच्या कायद्याने बंदी घातली. आपल्या व्रताने ती कितीतरी आधीच घातली होती.

राज्याचा कायदाही याच दिशेने गेला आहे. ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावे, विकणाऱ्यावर जबाबदारी नाही’ अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. परंतु मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील ५५ वे कलम वाचले तर ती टिकत नाही. घरात वा मालकी हक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण काळजीने पाहूनही त्यास सापडला नसता, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न केल्यास ती कपटकृती समजावी, असे ते कलम सांगते. त्याच कलमाने घेणाऱ्यावरही कर्तव्य घातले आहे: विकणाऱ्याच्या हक्कासंबंधी, मोल पुष्कळ वाढविणारी अशी एखादी गोष्ट विकणाऱ्यास ठाऊक नसून आपणास ठाऊक असेल, तर ती त्यास सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १९८७ पासून घर विकणाऱ्यास दोषांचे लेखी निवेदनच द्यावे लागते.

यावरून घराच्या तयारीचा जो अर्धा भाग सहसा राहून जातो, त्याकडे वळतो. तो म्हणजे कागदपत्रे. घेणारा भिंतीवरचा रंग पाहून येतो, पण अडतो तो कागदापाशी. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घर असल्यास ई-स्वत्तु दप्तरातील नमुना ९ व नमुना ११ यांचे उतारे आधीच काढून ठेवावे. उपनिबंधक कचेरीतून बोजाचा दाखला, ज्यास सर्वजण ‘ईसी’ म्हणतात, तो घ्यावा. घरपट्टीच्या पावत्या, हेस्कॉमची वीजबिले, बांधकामाचा परवाना हे एका फडक्यात बांधून ठेवावे. घराची जागा पुनर्वसनात मिळालेली असेल, तर मूळ हक्कपत्र हाती असणे आणि त्यात विक्रीविषयी काही अट आहे काय ते पाहणे अगत्याचे आहे. जुन्या कागदांत तालुका ‘सुपा’ असतो व नव्यांत ‘जोयडा’. हे दोन्ही एकच, हे आपणांस ठाऊक असले तरी बाहेरच्या घेणाऱ्यास कोडे पडते. दप्तर कानडीत आणि गोव्याचा वा महाराष्ट्राचा घेणारा कानडी न जाणणारा, असे असल्यास मुख्य कागदांचा मराठी तर्जुमा शेजारी ठेवावा. ज्यास कागद वाचता येत नाही त्याच्या अडाणीपणाचा फायदा घेणे आणि आंधळ्यास खोटे नाणे देणे यांत फरक नाही.

सर्वांत नाजूक बाब वारसांची. वडील वारले, घर मात्र अद्याप त्यांच्याच नावावर, आणि ताबा एका मुलाकडे, अशी अनेक घरे असतात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. सासरी नांदणाऱ्या बहिणीस न विचारता घर दाखविण्यास आरंभ करणे आणि दस्ताच्या आदल्या दिवशी तिच्या सहीसाठी माणूस धाडणे, ही रीत सोडली पाहिजे. बहिणीची संमती ही घराच्या तयारीतील पहिली पायरी होय. चुन्याचा हात नंतर.

यावर व्यवहारी मंडळी विचारतील, ‘सगळे दोष आपणच सांगत बसलो तर भाव पडणार नाही काय?’ थोडासा पडेल. पण किती पडेल याचा हिशेब व्यापाऱ्याच्या रीतीने मांडावा. सांगितलेल्या दोषाची किंमत दुरुस्तीच्या खर्चाइतकी असते. गवंड्यास विचारून ती ठरविता येते. सापडलेल्या दोषाची किंमत ठरविता येत नाही, कारण एक दोष लपविलेला सापडला म्हणजे घेणारा न सापडलेले दहा दोष मनाने धरून चालतो. बाजारात खडा दिसत असलेले धान्य खड्यापुरते उतरून विकले जाते. पण तोंड एक आणि तळ एक असे एक पोते निघाले की सारी गाडी परत जाते, आणि त्या पेढीच्या पुढच्या गाडीचेही प्रत्येक पोते फोडून पाहिले जाते. घर विकून मनुष्य गाव सोडतो, पण त्याची पत गाव सोडीत नाही. त्याचे भाऊबंद, त्याची पेढी, त्याचा समाज येथेच असतो.

घराची विक्री ही चार भिंतींआड उरकण्याची गोष्ट नव्हे, हा विचारही आपल्या देशात नवा नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसुरास श्यामशास्त्र्यांनी छापून प्रसिद्ध केले. त्यात वास्तूच्या विक्रीचा विधी आहे. नातलग, शेजारी व धनको यांस क्रमाने आधी विचारावे, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष घरापुढे विक्री जाहीर करावी, गावच्या वृद्धांसमोर सीमा स्पष्ट सांगाव्या, आणि तीनदा पुकारा करूनही कोणी हरकत घेतली नाही तरच व्यवहार व्हावा, असा त्याचा आशय आहे. आज चाळीस कुळे जमविणे कठीण. पण त्यामागील शहाणपण घेण्यासारखे आहे. जे घर शेजाऱ्यांदेखत विकले जाते त्याच्याविषयी खोटे बोलण्याची कोणाची छाती होत नाही.

म्हणून आमची संघास एक नम्र सूचना आहे. जो सभासद घर वा दुकान विकावयास काढील, त्याने स्वेच्छेने एक दोषपत्र तयार करावे. छप्पर, भिंत, लाकूड, पाणी, सीमा, वारस, बोजा, अशी सात कलमे पुरेत. प्रत्येकापुढे जसे आहे तसे एका ओळीत लिहावे, आणि खाली सही करावी. संघातील दोन अनुभवी गृहस्थांनी, आणि शक्य तर एखाद्या जाणत्या गवंड्याने, घर पाहून त्यावर शेरा द्यावा. जेथे वृद्ध दांपत्य वा एकटी राहिलेली भगिनी घर विकीत असेल, तेथे घर स्वच्छ करण्यास, कागद जमविण्यास आणि दलालाशी बोलण्यास संघाने माणूस द्यावा, कारण अशांचे घरच सर्वांत कमी मोलाने जाते. हे पत्र मागण्याचा घेणाऱ्यास कायद्याने अधिकार नसेल. पण ते आपण होऊन देण्यातच त्याचे मोल आहे. काही वर्षांनी ‘जैन व्यापाऱ्याचे घर आहे, दोषपत्र वाचा आणि घ्या’ असे लोक म्हणू लागले, तर ती प्रतिष्ठा कोणत्याही रंगरंगोटीहून अधिक भाव मिळवून देईल.

सुप्याचे घर सोडताना कोणी कोणास किल्ली दिली नाही. ती पाण्याने घेतली. रामनगरचे घर सोडताना किल्ली माणसाच्या हातात द्यावयाची आहे. ती घेणारा उद्या आपल्या दुकानी धान्य न्यावयास आला, तर त्याच्याकडे सरळ पाहून माप घालता आले पाहिजे. घराची तयारी झाली की नाही हे ओळखण्याची आमच्या मते हीच एक खूण आहे. अस्तु.